हजर विद्यार्थिनीचं काय करायचं?

बी.एस्सी.चा निकाल लागला, गणितात वरच्या श्रेणीत पास झाली, आणि मेल्विना लोबोने घरात सांगितलं की तिला शिक्षिका व्हायचंय. तारकर्लीच्या त्या घरात अशी शांतता पसरली, जणू डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मान हलवलीय.

"कोण काय बोललो काय गो तुका?" आईने, म्हणजे लिंडाने, हातातला माशांचा टोप खाली ठेवत विचारलं.

"कोण नाय बोलला. माका शिकवक आवडता."

"आवडता ता ठीक. पण इतके मार्क पडल्यावर मास्तरीण कित्याक?"

वडील प्लासिद यांची माडांची बाग होती आणि बागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या. पर्यटकांचं सगळं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे ते मुलीचंही ऐकून घेत. भाऊ लिओन प्रवासी जहाजावर वेटर होता. त्याचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. "बँकेची परीक्षा दी गो आधी. ती नाय झाली तर एमपीएससी दी. ता पण नाय झाला, तर मास्तरकी आसाच."

मेल्विनाची पंचाईत हीच होती. बँक हुकली, तलाठी हुकलं, पोलीसभरतीत धावताना पाय मुरगळला, की मग माणसाने मास्तर व्हायचं, हा जगाचा सरळ हिशोब. ही मुलगी काहीही न हुकता थेट तिथेच निघाली होती. लोकांना वाटलं, नक्की काहीतरी लपवतेय.

लपवण्यासारखं काही नव्हतं. दोन सुट्ट्यांमध्ये तिने चर्चच्या हॉलमध्ये वाडीतल्या पोरांना गणित शिकवलं होतं. अपूर्णांकाचं नाव काढलं की पोटात दुखणारी एक मुलगी एका दुपारी मध्येच थांबली, वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगो बाय, असा हा तर!" त्या मुलीचा तो चेहरा मेल्विनाच्या डोळ्यांपुढून हलेना. एवढंच कारण. पण एवढ्याशा कारणाने कोणी करिअर निवडतं, हे सांगितलं असतं तर लिंडाने तिला खरंच डॉक्टरकडे नेलं असतं.

शेवटी प्लासिद तिला शेजारच्या भाईंकडे घेऊन गेले. भाई निवृत्त मुख्याध्यापक. शिक्षक व्हायच्या सगळ्या वाटा त्यांना पाठ होत्या.

"बारावी झाल्या झाल्या सांगलंस असता तर डी.एड. झाला असता," भाई म्हणाले. "नाय तर आता चार वर्सांचा नवीन निघाला हा, पदवी आणि बी.एड. एकदम. पण ता पण बारावीनंतरच. तू पदवी घेवन बसलंस. शिकलंस ता जरा चुकलाच."

"मगे आता?"

"आता बी.एड.ची सीईटी. ती झाली की प्रवेशाचो कॅप राउंड. मगे दोन वर्सा बी.एड. मगे टीईटी. ती पास झालंस की टेट."

"ती दोन येगळी?"

"येगळी म्हणजे? एकीत बघतत तू पात्र आसस काय. दुसरीत बघतत तुका अभियोग्यता आसा काय. पात्र आसान अभियोग्य नसलेले लय जण आसत. मगे भरतीचा पवित्र पोर्टल."

"आणि मगे?"

"मगे वाट बघूची." भाईंनी सुपारी कातरायला घेतली. "नावच पवित्र म्हटल्यावर सोवळ्यात बसान वाट बघूची."

मेल्विनाने थोडा विचार केला. "पण भाई, शिकवचा कसा, ता ह्यात खंय शिकवतत?"

भाईंचा अडकित्ता थांबला. इतक्या वर्षांत सल्ला घ्यायला आलेल्या कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. "ता बी.एड.मध्ये," ते म्हणाले, आणि जरा वेळाने हळूच पुढे जोडलं, "शिकवत असतीत."

सीईटीत तिला चांगले गुण पडले. कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना तिने सगळ्यांत जवळचं कॉलेज पहिलं टाकलं. रोज घरून जाता येईल, हा तिचा भाबडा विचार. कॉलेज कट्टा गावाच्या पुढे एका काजूच्या बागेत होतं. संस्थेचं नाव इतकं लांब होतं की ते फाटकाच्या एका खांबावर सुरू होऊन दुसऱ्या खांबावरही संपत नसे. सगळे त्याला 'काजीतला कॉलेज' म्हणत. लागलीच प्रवेश मिळाला. इतक्या सहज मिळाला तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी माहितीपत्रकात सांगितली होती तशी पांढरी साडी नेसून ती एसटीने कट्ट्याला उतरली आणि रिक्षाने कॉलेजात पोहोचली. ऑफिसात ओंकार नावाचा क्लार्क चहा पीत बसला होता.

"प्रवेशाचं काम? झालंय सगळं," तो न बघताच म्हणाला.

"वर्ग कुठे भरतो?"

"कोणाचा?"

"आमचा. बी.एड.चा."

ओंकारने कप खाली ठेवला. तिची पांढरी साडी पाहिली, खांद्यावरची पिशवी पाहिली, पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली पाहिली. त्याच्या लक्षात आलं की ही दिवसभर थांबायच्या तयारीने आलीय. तो ऑफिसची भाषा विसरला. "माझे बाय," तो म्हणाला, "तू खराच इलंस?"

त्याने तिला प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेलं. डॉ. नम्रता तायशेटे मायाळू होत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि घरी काही त्रास आहे का, असं विचारलं.

"नाही मॅडम. मी वर्गाला आलेय."

"अगं पण रोज येणं म्हणजे किती दगदग. आपल्याकडे मुलांच्या अडचणी आपण समजून घेतो. कोणी पुण्यात नोकरीला आहे, कोणाचं बाळ तान्हं आहे, एक जण तर दुबईत आहे. सगळ्यांची सोय केली की नाही? परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो. तुझीही करू."

"मला सोय नको. मला शिकवायला शिकायचंय."

मॅडमनी एक उसासा टाकला. "ते काय गं, नोकरी लागली की येतंच."

पण मुलगी हलेना. नियमाप्रमाणे वर्गात येणाऱ्या विद्यार्थिनीला हाकलून देता येत नव्हतं. तशी वेळच आजवर आली नसल्याने नियमाला तोडही कोणी शोधली नव्हती. शेवटी वर्ग उघडण्यात आला. आत संस्थेच्या अध्यक्षांच्या काजूबियांची पोती रचलेली होती. ओंकारने पोती एका भिंतीला लावली, एक बाक पुसला आणि फळ्यावर कोणे एके काळी लिहिलेला 'सुविचार' तसाच राहू दिला. सुविचार होता, 'नियमितपणा हाच यशाचा पाया.'

शिकवायला माणूस होता. सर्वेश सर. एम.एड. झालेले, नेट झालेले, तासिका तत्त्वावर नेमलेले. तासिका होत नसल्यामुळे उरलं ते फक्त तत्त्व. मागच्या खोलीत बसून ते सगळ्या छात्राध्यापकांची पाठ टाचणं लिहून काढत. पाठ टाचण म्हणजे शिक्षकाने शिकवण्याआधी लिहायचा पाठाचा आराखडा. ज्याने पाठ घ्यायचा त्याने तो लिहायचा असतो. इथे पाठ कोणीच घेत नव्हतं, त्यामुळे आराखडेही एकट्या सरांनीच लिहिले तर कोणाचं बिघडत नव्हतं. दुबईवाल्याचं टाचण ते डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहीत, तान्ह्या बाळाच्या आईचं गोल अक्षरात. इतकी विविधता एका हातातून काढणारा माणूस विद्यापीठात दुसरा नसेल.

पहिल्या तासाला ते पुस्तक घेऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि एका बाकाकडे बघून म्हणाले, "विद्यार्थी मित्रहो."

मेल्विनाने वही उघडली. सर वाचत राहिले. अध्ययन म्हणजे काय, अध्यापन म्हणजे काय, दोहोंतील फरकाचे मुद्दे. काही दिवस असेच गेले. मग एकदा मेल्विनाने हात वर केला. वर्गात दुसरं कोणी नसतानाही हात वर केला.

"सर, एखाद्या मुलाला समजलं नाही आणि तसं सांगायची त्याला लाज वाटत असेल, तर काय करायचं?"

सरांनी पुस्तकात पाहिलं. पान उलटलं. मग पुस्तक मिटून काजूच्या पोत्यावर ठेवलं. "हे ह्यात नाही," ते म्हणाले. "मीच तसा होतो," ते मग म्हणाले. "सातवीपर्यंत. मग एका बाईंच्या लक्षात आलं. त्या माझं उत्तर चुकलं की 'चूक' म्हणायच्या नाहीत. 'हे तू कसं काढलंस?' असं विचारायच्या. चुकलेल्या उत्तराच्या मागे मुलाचं काहीतरी डोकं चाललेलं असतं, मेल्विना. ते सापडलं की अर्धं काम झालं."

त्या दिवसापासून काजीतल्या कॉलेजात बी.एड. सुरू झालं. सर बाकावर बसत आणि सहावीतला पोरगा होत. मेल्विना फळ्यापाशी. सर सारखे "बाई, भायर जाव?" विचारत, खिशातून बोरं काढून खात, एक छेद दोन अधिक एक छेद तीन म्हणजे दोन छेद पाच असं ठामपणे सांगत आणि मेल्विनाने ते खोडलं की रुसत. पहिल्या आठवड्यात तिने त्यांना दोनदा वर्गाबाहेर काढलं. नंतर तिला कळत गेलं की बाहेर काढून काही होत नाही; दोन छेद पाच कुठून आले ते बसून विचारावं लागतं. ओंकार दाराशी येऊन बघे आणि मान हलवत परत जाई. प्राचार्या मॅडमना व्हरांड्यातून मोठमोठ्याने पाढे ऐकू आले की डोकं दुखे.

हिवाळ्यात बातमी आली की तपासणी समिती येणार. कॉलेजची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

कॉलेजात धावपळ उडाली. पोती हलली. ग्रंथालयाचं कुलूप तेल घालून उघडलं. प्रश्न उरला तो विद्यार्थ्यांचा. ओंकारने सगळ्यांना फोन लावले. पुणेवाल्याला रजा नव्हती. दुबईवाल्याने शुभेच्छा दिल्या. काहींना आपण बी.एड. करतोय हेच क्षणभर आठवेना. सात-आठ जण येतो म्हणाले. वर्ग तर भरलेला दिसायला हवा.

तोडगा अध्यक्षांनी काढला. अध्यक्षांचं किनाऱ्यावर रिसॉर्ट होतं. तिथला सगळा स्टाफ एका सकाळपुरता छात्राध्यापक होणार असं ठरलं. वेटर, कुक, खोल्या आवरणाऱ्या बायका, होडी चालवणारे. पांढरे कपडे त्यांच्याकडे होतेच. तरी माणसं कमी पडली, तेव्हा ओंकारला आठवलं की मेल्विनाचा भाऊ जहाजावरून रजेवर आलाय.

"माका टाय लावक सांगल्यानी," लिओन घरी येऊन खुशीत म्हणाला. "शिकान मोठो झालंय एकदाचो."

मेल्विना मात्र दुसऱ्याच दिवशी केबिनमध्ये गेली. "मॅडम, मी असल्या वर्गात बसणार नाही."

"बसू नकोस," मॅडम गोड हसल्या. "तू पाठ घ्यायचास. समिती नमुना पाठ बघते. आणि खरं सांगू? आपल्याकडे पाठ घेता येणारी तू एकटीच आहेस."

ती उठून बाहेर आली तेव्हा सर्वेश सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सर, ह्यो लबाडीचो धंदो आसा," ती म्हणाली. रागात तिच्या तोंडून घरची भाषा आली.

"आसा," सरही घरच्या भाषेत आले. "पण मान्यता गेली तर तुझा वर्स फुकट. आनि लबाडी उघडी पडली म्हणान उद्या हय कोण खरा शिकवक येतलो, असा नाय. तुका जा पटता ता कर. मी काय बोलाचंय नाय."

ती दोन दिवस विचार करत राहिली. मग सांगितलं, पाठ घेईन. पण कोणी काही विचारलं तर खोटं बोलणार नाही. मॅडम लगेच कबूल झाल्या. समिती विद्यार्थ्यांना काही विचारते, असा त्यांचा अनुभव नव्हता.

तपासणीच्या सकाळी फाटकाला झेंडूची तोरणं लागली. समितीत तीन जण होते. अध्यक्षा एक करड्या केसांच्या, चष्मा नाकावर ओढून बघणाऱ्या बाई. सोबतचे दोन सर शांत होते. दुपारी जेवायला संस्थेच्या अध्यक्षांच्या रिसॉर्टवर न्यायचंय आणि सुरमई आलीय, हे त्यांना गाडीतच सांगण्यात आलं होतं.

वर्ग गच्च भरला होता. पुढच्या बाकावर लिओन टाय लावून असा ताठ बसला होता की जणू आत्ता ऑर्डर घेईल. मेल्विनाने फळ्यावर लिहिलं : ऋण संख्यांचा गुणाकार. तिने टाचण स्वतः लिहिलं होतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, सगळं नीट आखलेलं. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, इथपर्यंत ती आली, आणि तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला.

हात किशोरीचा होता. रिसॉर्टच्या खोल्या आवरणारी, तिशीतली बाई. तिला सांगितलं होतं, गप्प बसायचं आणि मान डोलवायची. पण ती शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच वर्गात बसली होती आणि ती कशाला आलीय हे केव्हाच विसरून गेली होती.

"बाई, ता कसा काय?" ती म्हणाली. "वजाक वजान गुणल्यार अधिक कसो येता? माका कोणी सांगूकच नाय. पाठ कर म्हणाले."

ओंकार दाराशी पांढरा पडला. मेल्विनाने हातातल्या टाचणाकडे पाहिलं. त्यात हा प्रश्न नव्हता. तिने टाचण टेबलावर ठेवलं.

"तुमच्याकडे विहीर आसा?" तिने विचारलं.

"आसा."

"विहिरीवर पंप लावलो. दर तासाक पाणी दोन हात खाली जाता. खाली म्हणजे वजा. आता पाणी एका खुणेर आसा. अजून तीन तासांनी खंय असतला?"

"सा हात खाली," किशोरी म्हणाली. मागून कुकनेही तेच सांगितलं.

"वजा सहा. बरोबर. आता मागे जाऊया. तीन तासांआधी म्हणजे वजा तीन. पंप तोच, पाणी खालीच जाता हा. पण तीन तासांआधी पाणी खंय होता?"

वर्गात सगळे विहिरीत डोकावल्यासारखे वाकले. किशोरीचे ओठ हलत होते. होडीवाला काहीतरी बोलणार होता, लिओनने त्याला हाताने अडवलं.

"वर," किशोरी पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "वर होता! सा हात वर! कमीच होत इला, म्हणजे आधी ज्यास्तच आसतला!"

"मग वजा दोन गुणिले वजा तीन?"

"अधिक सहा!" किशोरी उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि लगेच त्याच्यावर राग चढला. "येदाच होता? आनि येदुश्यासाठी माका दहावीक नापास केल्यानी? माका मगे शाळेतच पाठवूक नाय कोणी!"

बी.एड.ला बसलेली विद्यार्थिनी दहावी नापास असल्याचं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि तेही खणखणीत आवाजात.

समितीच्या अध्यक्षाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "ह्या दहावी नापास आहेत?"

माणसाच्या अंगची खरी गुणवत्ता संकटात दिसते म्हणतात. प्राचार्या मॅडम क्षणाचाही विलंब न लावता पुढे झाल्या. "भूमिकाभिनय, मॅडम! आमच्या कॉलेजचा खास उपक्रम. आमच्या छात्राध्यापिका नापास विद्यार्थ्याची भूमिका करतात. त्याशिवाय मुलांचं मन कसं कळणार?"

एका सरांनी मान डोलवली. "फारच हुबेहूब."

अध्यक्षाबाई मात्र मेल्विनाकडे वळल्या. "ह्या तुमच्याच वर्गात आहेत ना?"

दाराबाहेर सर्वेश सर मान खाली घालून उभे दिसले. "नाही मॅडम," ती म्हणाली. "त्या आजच आल्यात."

"आजच?"

"संस्था स्तरावरचे प्रवेश," प्राचार्या म्हणाल्या. "उशिरा होतात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही येत नाहीत, मॅडम," मेल्विना म्हणाली. आता मागे फिरायला वाट नव्हती. "वर्गात रोज मी एकटीच असते."

"आंतरवासिता," प्राचार्या म्हणाल्या. "सगळे शाळांवर असतात. अनुभवातून शिक्षण."

अध्यक्षाबाईंनी मेल्विनाकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे, मग किशोरीकडे, जी अजून उभी होती आणि बोटांवर विहिरीतलं पाणी मोजत होती. बाईंना कळलं असावं. त्या काही बोलणार असं वाटलं. इतक्यात दुसऱ्या सरांनी घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सुरमई गार होईल."

बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. सत्य बोलायला धैर्य लागतं, हे शाळेत शिकवतात. ते ऐकून घ्यायला भुकेच्या वेळी थांबावं लागतं, हे कोणी शिकवत नाही.

अहवाल उत्तम आला. कॉलेजची मान्यता कायम राहिली. जागा वाढवून मागायलाही संस्थेला हरकत नाही, असं त्यात होतं. भूमिकाभिनय पद्धतीचा खास गौरव झाला. प्राचार्या मॅडमना त्या विषयावर एका परिषदेत भाषणाला बोलावलं आणि त्यांनी ते केलं. मेल्विनाला केबिनमध्ये बोलावून त्यांनी फुलांचा गुच्छ दिला.

"फार केलंस हो कॉलेजसाठी," त्या म्हणाल्या. "आता विश्रांती घे. उद्यापासून यायची काही गरज नाही. तुझी हजेरी आम्ही लावू."

"आणि सर?"

"सर्वेशची मुदत संपतेय. पुढच्या वर्षी जागा वाढल्या की बघू. टाचणंही वाढतील ना."

तरी ती नेमून दिलेल्या शाळेत आंतरवासितेला गेली. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला बघून कपाटातून कागद काढला. तिची आंतरवासिता आदल्या आठवड्यातच उत्तम रीतीने पूर्ण झाली होती. सही-शिक्का सगळं होतं. ती म्हणाली, "सर, मी पुन्हा केली तर चालेल?" त्यांनी घाबरून दोन्ही हात हलवले.

त्या संध्याकाळी ती घरी बागेत बसली होती. वाईट वाटत होतं, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, 'बरं झालं, घरबसल्या बी.एड.' फाटकाचा आवाज झाला. किशोरी उभी होती. मागे रिसॉर्टचा कुक, हातात कोलंबीची पिशवी.

"बाई," किशोरी म्हणाली, "माझे दहावीचे दोन विषय रवलेत. गणित आनि सायन्स. दुपारचा जेवण झाला की चारांपर्यंत आमका काम नसता. माका शिकवशात?"

"आनि तुम्ही?" मेल्विनाने कुकला विचारलं.

"मी आठवी," तो लाजून म्हणाला. "माका ता विहिरीचा परत ऐकाचा हा."

पर्यटकांच्या दोन खोल्यांमधल्या पडवीत वर्ग सुरू झाला. लिंडा पहिले काही दिवस कपाळाला हात लावून होती. मग तिने चहाचा टोप मोठा केला. प्लासिदनी कुठूनसा जुना फळा आणून माडाला टेकवून ठेवला. मुदत संपल्यावर सर्वेश सरही मोटारसायकलवरून येऊ लागले, विज्ञानासाठी. आता त्यांना सहावीतला पोरगा व्हायची गरज नव्हती. चुका करणारी खरी माणसं समोर होती, आणि त्यांच्या एकेका चुकीमागचं डोकं शोधता शोधता मेल्विनाच्या नाकी नऊ येत. वर्तुळाच्या परिघाला किशोरी महिनाभर 'काठ' म्हणत होती आणि क्षेत्रफळ काढताना काठच मोजत होती. मेल्विना एकदा तिच्यावर ओरडली. किशोरी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मेल्विना स्वतः तिच्या घरी गेली, माफी मागितली आणि अंगणात खडूने वर्तुळ काढून दोघी त्यात शेण सारवत बसल्या. सारवलं ते क्षेत्रफळ. काठ तो काठ. हे कुठल्याही टाचणात बसलं नसतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बी.एड.चा निकाल लागला. काजीतल्या कॉलेजातले सगळे प्रथम श्रेणीत पास झाले. अंतर्गत गुणांत पहिला आला दुबईवाला. त्याची टाचणं फार नेटकी होती. मेल्विनाला पाठ घेण्याच्या विषयात इतरांहून थोडे कमी गुण होते. तिने ओंकारला विचारलं, तर तो कानाशी येऊन म्हणाला, "तुझे पाठ खरेच बघितल्यानी गो. बघल्यार कमी पडतत."

किशोरीने मार्चमध्ये गणिताचा पेपर दिला. निकालाच्या दिवशी ती धावतच आली, मोबाईल समोर धरला आणि रडायला लागली. पास झाली होती. जेमतेम, पण पास. लिंडाही रडायला लागली; मग लिंडालाच राग आला की आपण का रडतोय, आणि ती आत जाऊन खोबरं खवू लागली.

पडवीत जरा शांत झाल्यावर किशोरीने डोळे पुसले. "बाई, तुमचा बी.एड. झाला मा?"

"झाला."

"मगे आता तुमका खंयची शाळा घेतली?"

"अजून दोन परीक्षा आसत. मगे पोर्टल. मगे वाट बघूची."

"किती?"

"म्हायत नाय गो."

किशोरीने थोडा विचार केला. ह्या कारभारात तिला काही अर्थ दिसला नाही, पण शिकलेल्या लोकांत असं असेल, म्हणून तिने तो विषय सोडून दिला. उठून साडीचा पदर खोचला.

"बरा मगे," ती म्हणाली. "उद्या दोनांक येतंय. सायन्स रवला हा."